अडतिसावी कडी

१

साखळीला अडतीस कड्या होत्या. मी तीनदा मोजल्या. प्रत्येक कडीची आतली लांबी बत्तीस मिलिमीटर, म्हणजे पूर्ण ताणली तर साखळी जवळजवळ एक मीटर बावीस सेंटिमीटर भरत होती. पिकअपच्या हौद्यात बाकी होतं ते असं: जादा चाक एक, मेंढ्यांच्या जंतांच्या औषधाचा रिकामा डबा एक, गोणपाट एक, पाण्याचं पत्र्याचं भांडं एक. भांड्यातलं पाणी आटलं होतं, पण आत पाण्याची रेघ पाऊण उंचीवर होती आणि भोवतालच्या धुळीत पाणी सांडल्याची खूण नव्हती. डाव्या फळीवर नखांचे चार ओरखडे होते. ताजे, एकमेकांना समांतर, बाहेरच्या दिशेनं गेलेले. उजव्या फळीवर एकही नव्हता.

कुत्रा नव्हता. टोस्टला शुक्रवारीच आत्याच्या बदामाखाली पुरलं होतं.

"किती?" आत्यानं मागून विचारलं. ती शेडच्या दारातच उभी होती, गाडीकडे पाठ करून.

"अडतीस."

"लिही. आणि खाली तुझी सही कर. त्या वकीलबाईला सगळं लेखी लागतं."

व्हर्ना आत्याचं वय एकाहत्तर. मी तिच्या भावाची मुलगी, ब्रायनी. रसायनशास्त्राची पदवी घेऊन वार्नूकाला परत आले आणि आता धान्याच्या कोठारावर ट्रकमागून ट्रक गव्हाचा ओलावा मोजते. घरात कुणाला काही मोजून हवं असलं की मला हाक येते. या वेळी हाक आली ती दाव्यासाठी. फिरत्या सल्ला केंद्राची वकीलबाई महिन्यातून एका शुक्रवारी गावच्या वाचनालयात बसते. तिनं आत्याला फोनवर दोन गोष्टी आणायला सांगितल्या होत्या: मोजमापांचा अहवाल आणि अर्जावर कुत्र्याच्या मालकाची सही. मालक म्हणजे आत्याचे यजमान, रॉल्फकाका. दावा शेजारी ग्रँट शिर्मरवर.

घडलं ते एवढंच. काकांना आठ महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला. तेव्हापासून दर गुरुवारी ग्रँट टोस्टला मेंढीबाजारात कामाला न्यायचा. गेल्या गुरुवारी दुपारी एक चाळीसला टोस्टनं ग्रँटच्या पिकअपच्या हौद्यातून बाहेर उडी मारली. साखळी जमिनीपर्यंत पुरली नाही. ग्रँट धावत येईपर्यंत तो गळपट्ट्याला लटकून गेला होता.

हौद्यात मधोमध, केबिनला लागून, चापाचा एक आकडा असतो. साखळीची जी कडी त्यात अडकवाल, तेवढीच साखळी कुत्र्याला मिळते. सतराव्या कडीची आतली बाजू घासून चकचकीत झाली होती. वर्षानुवर्षं आकडा तिच्यातच बसत आला होता. तेवढ्या साखळीवर कुत्रा फळीला नाक लावू शकतो, फळी ओलांडू शकत नाही. गुरुवारी आकडा शेवटच्या कडीत होता. तिच्या गंजावर एकच ताजा चरा होता.

"मुद्दाम मोकळी सोडली त्यानं," आत्या म्हणाली. "मला त्याच्याकडून काही नको, ब्रायनी. पण सगळे म्हणतात, अपघात झाला, अपघात झाला. जणू झाडाचं पान पडलं. कुणीतरी न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून म्हटलं पाहिजे की ही चूक होती, आणि ती अमक्याची होती."

"आत्या, त्यालाच विचार ना. उभा आहे तो बाहेर."

ग्रँट खरंच शेडच्या भिंतीला टेकून उभा होता. शेड त्यानंच उघडून दिली होती. गुरुवारपासून त्यानं त्या गाडीला हात लावला नव्हता.

"मीच सोडली," तो आत न येताच म्हणाला. "शेवटच्या कडीपर्यंत. चव्वेचाळीस अंश होतं, सावली मागच्या कोपऱ्यात गेली होती. लिही, ब्रायनी. हे पण लिही."

मी लिहिलं. साखळी कुणी सोडली हा प्रश्न दहा मिनिटांत सुटला होता. पण टोस्ट नऊ वर्षं गाड्यांच्या हौद्यात बसत आला होता आणि एकदाही बाहेर पडला नव्हता. मग त्या दिवशी उडी का मारली?

ते कुणीच विचारलं नव्हतं.

२

त्या रात्री जेवायला आत्याकडेच थांबले. मेंढीचं मटण, उकडलेले बटाटे, आणि टेबलाच्या टोकाला रॉल्फकाका, ताटात खाली बघत.

पक्षाघातानं त्यांचा उजवा हात नेला आणि सगळे शब्द नेले. एक सोडून. तो शब्द होता ‘पुरे’. पन्नास वर्षं मेंढ्यांच्या मागे कुत्र्यांना दिवसातून शंभरदा म्हटलेला. डॉक्टर म्हणाले, असं होतं. मेंदू सगळ्यांत जास्त घासलेलं नाणं खिशात ठेवतो. चहा हवा का? पुरे. नको का? पुरे. आत्याला त्यातला हो आणि नाही ओळखू यायचा. आम्हाला नाही.

वाचा-उपचार करणाऱ्या बाईनं एक तक्ता दिला होता. शब्द दिवसातून किती वेळा येतो, त्याच्या रेघा ओढायच्या. तो फ्रिजवर चिकटवलेला होता. भांडी पुसता पुसता मी तो वाचला, कारण समोर आकडे असले की मला ते वाचल्याशिवाय राहवत नाही. सोमवार एक्केचाळीस. मंगळवार अडतीस. बुधवार चव्वेचाळीस. गुरुवार एकोणीस. शुक्रवार शून्य. शनिवार शून्य. रविवार शून्य.

"एकदाही नाही?" मी हळूच विचारलं.

"कुत्र्याबरोबर वाचा गेली त्यांची," आत्या नळाखाली हात धरून म्हणाली. "आठ महिने एका शब्दावर संसार केला मी. तोही गेला. आणि तू मला विचारतेस खटला कशाला?"

मी तसं विचारलं नव्हतं. मी पुढचं ताट पुसायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर ग्रँटकडे गेले. तो कुंपणाच्या तारा ताणत होता. इथं एक सांगायला हवं. ग्रँट हा भांडणारा माणूस आहे. त्याची पत्रपेटी रस्त्यापासून चाळीस सेंटिमीटर आत हवी, अशी नगरपालिकेनं नोटीस दिली, तेव्हा तो दोन वर्षं लढला आणि जिंकला. पेटी अजून तिथेच आहे. वर त्यानं पांढऱ्या रंगानं ‘३९’ असं रंगवलंय.

"तू बचाव करणार नाहीस?" मी विचारलं.

"नाही."

"त्या उन्हात कुणीही साखळी सोडली असती. न्यायाधीश ऐकून घेईल."

"पोरी, तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

"मोजमापाच्या."

तो हसला, पण तार सोडली नाही. "मग हे मोज. दर गुरुवारी, चहाच्या वेळेला, टोस्ट साखळीला एक हिसका द्यायचा. एकच. डावीकडे. मग बसायचा. मला वाटायचं, बाजारातल्या टपरीवरच्या डल्सीच्या केकचा वास येतोय त्याला." तो एकदम थांबला, जास्त बोलून गेल्यासारखा. मग पकड खिशात घालत म्हणाला, "तू शिकलेली आहेस. एक सांग. माणसानं आधीच लेखी कबूल केलं, तर साक्षीदार बोलावतात का?"

"बहुतेक नाही."

"बहुतेक म्हणजे?"

"न्यायाधीशाला काही विचारावंसं वाटलं नाही तर."

ग्रँट शिर्मरचा चेहरा उतरला. दोन वर्षं एका सेंटिमीटरसाठी लढलेला हा माणूस खटल्याला घाबरत नव्हता. कोर्टात कुणीतरी तोंड उघडेल याला घाबरत होता.

३

गुरुवारी मी अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि टेप घेऊन मेंढीबाजारात गेले.

ग्रँटची पिकअप नेहमी जिथे असते, त्या निलगिरीखाली उभी राहिले. उजवीकडे मेंढ्यांचे वाडे, त्या दिवशी साधारण दोन हजार मेंढ्या. डावीकडे मोकळी जागा, आणि पलीकडे गाड्या लावायची रांग. रांगेतल्या पहिल्या जागेवर निळी पाटी, अपंगांसाठी. आत्या आपली गाडी तिथे लावते. काका आतच बसतात. एकही बाजार चुकवायचा नाही, हा त्यांचा जुना नियम.

ओरखडे डाव्या फळीवर होते. म्हणजे टोस्ट मेंढ्यांकडे झेपावला नव्हता. दोन हजार मेंढ्यांकडे पाठ करून तो गाड्यांकडे गेला होता. भांडं सांडलेलं नव्हतं, म्हणजे घाबरून धडपडलाही नव्हता. सरळ, मोजून मारलेली उडी.

निलगिरीपासून निळ्या पाटीपर्यंत मी टेप धरला. सत्तावीस मीटर.

"रस्ता विकत घेतेस की काय?" महिला मंडळाच्या टपरीतून डल्सी ओरडली. डल्सी अडुसष्ट वर्षांची आहे, टपरी तीच चालवते आणि बाजारातली कुठलीही गोष्ट तिच्यापासून लपत नाही. "ये, चहा घे. आत्याला सांग, कोर्टाची तारीख गुरुवारची घेऊ नकोस म्हणावं. सगळं गाव तिकडे जाईल, माझे केक कोण खाणार?"

"डल्सी, त्या दिवशी तू कुठे होतीस?"

"कुठे म्हणजे? रॉल्फपाशी. आत्या तुझी कचेरीत, मेंढ्यांच्या कागदांवर सह्या करत. मी कप घेऊन गेले. काचा खाली होत्या, गाडी नुसती भट्टी झाली होती. दोन चमचे साखर मला माहीत आहे, दूध मात्र दर वेळी विचारते. तेवढंच बोलणं होतं ना बिचाऱ्याशी. माझे हजार शब्द, त्याचा एक." ती हसली आणि लगेच तिचे डोळे भरले. "कप हातात देते न देते तोच मागे आरडाओरडा झाला. चहा सगळा त्याच्या मांडीवर. भाजलं असणार, पण हूं की चूं केलं नाही त्यानं."

"त्याच्या आधी? दूध घालताना?"

"काय?"

"बोलले काही?"

"अगं, दुसरं काय बोलणार? नेहमीचंच."

मी उत्तर द्यायच्या आत वाड्यांकडून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "पुरे!"

मी वळले. एक तरुण मेंढपाळ कळप वाड्यात घालून फाटकाची कडी लावत होता. त्याचा काळा कुत्रा मेंढ्यांवर डोळे रोखून जमिनीला चिकटला होता. शब्द ऐकताच त्यानं मान फिरवली, मेंढ्यांकडे पाठ केली आणि धावत मालकाच्या पायाशी गेला. शेजारच्या वाड्यातल्या दुसऱ्या कुत्र्यानं कानही हलवला नाही. तो त्याच्या मालकाचा आवाज नव्हता.

लहानपणापासून हे मी हजारदा पाहिलं होतं. काम संपलं, मेंढ्या सोड, माझ्याकडे ये. या तिन्हीला मिळून आमच्याकडे एकच शब्द आहे.

माझ्या हातातला टेप खटकन आत गेला.

आत्याच्या तक्त्यावर गुरुवारी एकोणीस रेघा होत्या. तिनं स्वतः ऐकलेल्या. विसावी ओढायला ती तिथे नव्हती.

४

"सत्तावीस मीटर," मी ग्रँटला म्हणाले.

तो त्याच्या स्वयंपाकघरात बसला होता. ऊन अजून खिडकीत होतं. त्यानं टोपी काढून टेबलावर ठेवली.

"ऐकलंस तू?" मी विचारलं.

"नाही. लिलाववाला कानाशी बोंबलत होता. मी उडीनंतर वळलो. कुत्र्याकडे धावलो, पट्टा सोडवला, काही उरलं नव्हतं. मग वर पाहिलं. रॉल्फ समोरच होता, गाडीच्या पुढच्या काचेच्या आड. त्यानं डावा हात तोंडावर असा दाबला होता." ग्रँटनं हात उचलला, पण तोंडापर्यंत नेला नाही. "माणूस ओरडू नये म्हणून दाबतो ना, तसा नाही. आत काहीतरी परत ढकलत असल्यासारखा. मग दर गुरुवारचा तो हिसका मला आठवला."

"त्यांना कळलंय."

"त्यालाच कळलंय. म्हणून तर गप्प आहे. तुझ्या आत्याला नाही कळलेलं, आणि कळायला नको."

"ग्रँट, ती तुझ्यावर खटला भरतेय."

"भरू दे! साखळी मीच सोडली, यात खोटं काय आहे? सतराव्या कडीवर असता तर नुसता हिसका बसला असता. चूक माझी आहे, तेवढीच लिही. उरलेलं मोजायला तुला कुणी सांगितलं नव्हतं."

हे खरं होतं. त्या संध्याकाळी मी अहवाल दोन प्रकारे लिहिला. पहिल्यात अडतीस कड्या, सतरावी झिजलेली, आकडा शेवटच्या कडीत, ओरखडे डाव्या फळीवर. सगळं खरं. आत्या जिंकली असती. पण ‘डाव्या फळीवर’ वाचून कुठल्याही शहाण्या माणसानं विचारलं असतं, डावीकडे काय होतं? मग डल्सीला बोलावलं असतं, आणि भरल्या कोर्टात, काकांच्या देखत, तिला विचारलं असतं की रॉल्फ नेमकं काय म्हणाला. ओरखड्यांची ओळ काढून टाकली, तर अहवाल माझा राहिला नसता.

दुसऱ्यात मी तो शब्द लिहिला. आणि तिथे अडकले. लिलावाच्या गोंगाटात, अर्ध्या वाकड्या तोंडातून निघालेला म्हाताऱ्या माणसाचा शब्द सत्तावीस मीटर पोचतो का? डल्सी त्यांच्या हाताच्या अंतरावर होती. ग्रँटनं ऐकला नव्हता. ज्यानं ऐकला असेल तो बदामाखाली होता. आवाज मोजल्याशिवाय हे विधान करता येत नव्हतं, आणि आठ दिवसांत तो आवाज आलाच नव्हता. मोजायला काही नव्हतं. मोजू नये असंही वाटत होतं.

दोन्ही कागद मी पिशवीत घातले. कुठला द्यायचा ते ठरलं नव्हतं.

५

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता काका व्हरांड्यात आरामखुर्चीत होते. आत्यानं त्यांचे केस विंचरले होते, इस्त्रीचा शर्ट घातला होता. गुडघ्यांवर फळी, फळीवर अर्ज, डाव्या हाताशी पेन. वकीलबाई दहाला वाचनालयात येणार होती.

"अहवाल?" आत्यानं हात पुढे केला.

मी पिशवी उघडली आणि तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. ग्रँट. आत्यानं त्याला आवारात पाऊल ठेवायला बंदी केली होती. तो फाटकाबाहेर उभा राहून एक पाकीट हलवत होता.

"काय हवंय त्याला?"

"कबुली आणली असेल," मी म्हणाले. "लेखी."

"मग घेऊन ये. आत नको येऊ म्हणावं." ती काकांकडे वळली. "मी वाचते हं. ऐका. कळलं नाही तर हात वर करा."

मी फाटकापर्यंत चालत गेले. सकाळ स्तब्ध होती, गुलाबी काकाकुव्यांचा थवाही पलीकडे कुठेतरी गेलेला. ग्रँटनं गजांतून पाकीट माझ्या हातात दिलं. "यात सगळं आहे," तो हलक्या आवाजात म्हणाला. "साक्षीदारांची गरज नाही, असंही लिहिलंय. तू कुठला कागद दिलास?"

"अजून नाही दिला."

"ब्रायनी, ऐक माझं..."

मागे आत्याचा आवाज मला तुकड्या-तुकड्यांत येत होता. "...सदर कुत्रा, वय वर्षे नऊ... निष्काळजीपणे... सदर कुत्र्यानं कोणत्याही कारणाशिवाय..."

मग तिचा आवाज थांबला.

मी वळून पाहिलं. काकांनी डावा हात अर्जावर पालथा ठेवला होता. बोटं पसरलेली, पूर्ण कागद झाकायचा प्रयत्न करत असल्यासारखी. पेन खाली पडलं होतं. आत्या उचलायला वाकली. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. त्यांची नजर तिच्यावर नव्हती. आवार ओलांडून ती ग्रँटवर खिळली होती.

"पुरे."

ग्रँटनं दोन्ही हातांनी फाटक धरलं.

शब्द निघाला तसे काका दचकले आणि झटकन बदामाकडे बघू लागले. बराच वेळ बघत राहिले. तिकडून काहीच आलं नाही.

आत्या वाकलेलीच होती. मग सावकाश सरळ झाली. तिनं आधी बदामाकडे पाहिलं, मग काकांच्या गुडघ्याशी, जिथे आठ महिने प्रत्येक शब्दाला टोस्ट येऊन उभा राहायचा, त्या रिकाम्या फरशीकडे. मग ती वळली आणि आमच्याकडे पाहिलं. ग्रँट, मी, आमच्या मधलं फाटक. एवढ्या लांबून मला तिचा चेहरा वाचता आला नाही. ग्रँटनं टोपी काढली होती.

तिनं पेनाला टोपण लावलं. आत गेली. मी व्हरांड्यापर्यंत आले, तेव्हा दारातून मला ती फ्रिजवरच्या तक्त्यासमोर दिसली. तिनं पेन्सिलीनं एक रेघ ओढली, आणि मग आठ रकाने मागे, टोस्ट गेला त्या गुरुवारच्या रकान्यात जाऊन आणखी एक. बाहेर येऊन तिनं काकांच्या हाताखालून अर्ज काढला, त्याची चार पदरी घडी केली आणि ती त्यांच्या शर्टाच्या खिशात ठेवली. मग त्यांच्या शेजारी पायरीवर बसली.

दहा वाजले. कुणीही वाचनालयाकडे निघालं नाही.

ग्रँट गेल्यावर मी टेप काढला. आरामखुर्चीच्या पायापासून फाटकाच्या खांबापर्यंत, दोनदा, दोन्ही बाजूंनी मोजून वहीत लिहिलं: अंतर चौतीस मीटर. शब्द स्पष्ट ऐकू आला.